लाल पंपाचे दात

मी हसताना तोंडावर हात ठेवते. पदर असला तर पदर, ओढणी असली तर ओढणी, आणि हात पिठात बुडालेले असले तर मान फिरवून भिंतीकडे बघत हसून घेते. कॉलनीतल्या बायकांना वाटतं, बाई फार लाजरी आहे. लाजरी मी मुळीच नाही. रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तर पहिला आवाज माझा असतो. पण भांडण ओठांच्या आडून करता येतं, हसणं तसं करता येत नाही.

माझे दात पिवळे आहेत. त्यांच्यावर आडवे तपकिरी पट्टे आहेत आणि वरच्या दोन दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके. घासून ते जात नाहीत. आईनं माझे दात राखेनं घासले, कोळशानं घासले, मिठानं घासले, एकदा तर विटेचा भुगा करून घासले. हिरड्यांतून रक्त आलं, पट्टे होते तिथंच राहिले.

आमचं गाव वरोऱ्याच्या बाजूचं, कापूस आणि सोयाबीनचं. गावात तीन हातपंप होते. एक देवळापाशी, एक शाळेपाशी आणि एक आमच्या घरासमोर. आमच्या पंपाचं पाणी चवीला गोड आणि भर उन्हाळ्यातही न आटणारं, त्यामुळे अर्धं गाव सकाळ-संध्याकाळ आमच्या दारात. बाबांना त्याचा फार अभिमान. पंप सरकारी, पण बाबा तो आपल्या वडिलांनी खोदल्यासारखे वागायचे. कोणी दांडा जोरात आपटला तर घरातून ओरडायचे.

मी चौथीत असताना पाणी तपासणारी माणसं आली आणि बाटल्या भरून घेऊन गेली. काही महिन्यांनी एक माणूस सायकलला लाल रंगाचा डबा अडकवून आला. ऊन मी म्हणत होतं. त्यानं आधी आमच्या ओट्यावर बसून पाणी मागितलं. आईनं त्याच पंपाचं पाणी तांब्याभर दिलं. तो घटाघटा प्यायला, "पाणी मोठं गोड आहे बाई तुमच्याकडचं" म्हणाला, आणि उठून पंपाला लाल रंग द्यायला लागला. दांडा लाल, नळी लाल, पाण्याचं तोंड लाल. मग खालच्या सिमेंटवर त्यानं लिहिलं, 'पिण्यास अयोग्य'. आम्ही पोरं नुकतीच जोडाक्षरं शिकलो होतो, त्यामुळे ते आम्ही मोठ्यानं आणि मोठ्या हौसेनं वाचलं.

बाबा बाहेर आले. "काऊन बा, काय झालं पाण्याले?"

"फ्लोराइड आहे भाऊ याच्यात. दात खराब होते. जास्त झालं तं हाडंबी जाते."

बाबांनी ओठ मिटून दातांवरून जीभ फिरवली. ते मी पाहिलं. तोवर आमच्या आळीत कोणाला ठाऊकच नव्हतं की दातांचा रंग काही वेगळाही असतो. आमच्या सगळ्यांचे तसेच होते. मला वाटायचं, दात असेच येतात.

फ्लोराइड हा शब्द मी त्या दिवशी ऐकला आणि एखाद्या भुताचं नाव ऐकावं तसा मनात ठेवला. देवळापाशी भूत आहे म्हणतात तिथून माणूस जन्मभर वळसा घालून जातो. मी त्या शब्दाला तसा वळसा घालत राहिले. तो वळसा माझ्या पोरीला केवढ्याला पडला ते आता सांगते.

पुढे वरोऱ्याला शाळेत गेले तर तिथं आमच्या गावच्या पोरींना 'लाल पंपाच्या' म्हणत. ओळख विचारायची गरजच पडत नसे, तोंड उघडलं की गाव कळायचं. लग्नाच्या वयाची झाले आणि पाहुणे येऊ लागले. पहिल्यांनी कळवलं, मुलगी चांगली आहे, पण. दुसऱ्यांनी 'पण'च्या पुढचंही कळवलं. तिसऱ्या खेपेला आलेल्या एका बाईनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "जरा हास ना बाई, पाहू दे." बैल घेताना जबडा उघडून दात बघतात ना, तसं. मी म्हटलं, "बैल बाजारात भेटते, इथी नाई." पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बाबा मात्र गोठ्यात जाऊन हसले, आणि हसताना त्यांनीही तोंडावर उपरणं धरलं होतं.

ज्याच्याशी माझं लग्न झालं तो माजरीकडे कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. पाहायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला. "तुमी हासत काऊन नाई?"

"दात पिवळे आहेत माये."

"माये लाल आहेत. खर्रा खातो मी," असं म्हणून त्यानं तंबाखू-सुपारीनं रंगलेले सगळे दात दाखवले. मला हसू आलं. पदर तोंडावर गेला, पण लग्न ठरलं.

आमची मुलगी झाली तेव्हा तिच्या बोळक्या तोंडाकडे बघत मी एकच गोष्ट ठरवली. हिच्या तोंडात लाल पंपाचा थेंब जाऊ द्यायचा नाही. हिला कोणी 'हास, पाहू दे' म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर ही खुशाल हसेल. नवस बोलावा तसं मी ते बोलले. देवाला नाही, स्वतःलाच.

आता खरं सांगायचं तर आम्ही राहतो त्या खाणीच्या कॉलनीत लाल पंप नव्हताच. आमच्या नळाला नदीचं पाणी येतं, फिल्टर होऊन. नवऱ्यानं मला किती वेळा समजावलं. "अवं, लाल पंप गावात राह्यला. हे वर्धा नदीचं पाणी आहे. अख्खी कॉलनी पिऊन राह्यली."

"तुम्ही जमीन खोदून राह्यले इतकी खोल," मी म्हणायची. "त्या खड्ड्यातलं पाणी कुठी जाते मग? नदीतच ना?"

माझ्याशी वाद घालण्यापेक्षा डंपर चालवणं सोपं असं त्याला वाटत असावं. मी पोरीसाठी पाण्याचा कॅन लावला. पण कॅनवाला कधी यायचा, कधी नाही. आणि चंद्रपूरचा उन्हाळा काही कॅनवाल्याची वाट बघत थांबत नाही. पोर तहानलेली. कोपऱ्यावरच्या दुकानात थंड्याच्या बाटल्या. आमच्याकडे कोल्ड्रिंकला थंडा म्हणतात. पाहुणा आला की 'चहा घेता की थंडा' असं विचारतात. आंब्याचा थंडा, सीलबंद, कंपनीचा. मला वाटलं, यात लाल पंप शिरणार कुठून? दुधाच्या बाटलीत अर्धं दूध घालायच्या जागी मी अर्धी बाटली आंब्याचा थंडा घालू लागले. पोर ती बाटली तोंडात धरून झोपायची. गालावर पिवळा ओघळ सुकायचा आणि मी तो प्रेमानं पुसायची.

मी आळशी आई होते असं कोणाला वाटलं तर मला राग येईल. दुसऱ्या बायका पोराचं तोंड बंद करायला बाटली देत. मी पोरीचे दात वाचवायला देत होते.

ती तीन वर्षांची व्हायच्या आत तिचे दुधाचे दात हिरडीपासून काळे पडले. समोरचे तर झिजून खुंट झाले. सगळ्यांनी सांगितलं, दुधाचे आहेत, पडायचेच आहेत. मीही तेच म्हटलं. पडले. आणि मग सातव्या वर्षी समोरचे नवे दात आले. काय सांगू, काकडीच्या बियांसारखे पांढरे. एक पट्टा नाही, एक ठिपका नाही. त्या दिवाळीत मी तिला गावाला घेऊन गेले. आळीतल्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. मी पोरीची हनुवटी धरून म्हटलं, "हास, दाखव साऱ्यांले." ती हसली. बायका बघत राहिल्या. एकीनं तर बोट लावून पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की आपण त्या चहा टाकून उठलेल्या बाईसारखंच बोललो हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आता येतं.

ते पांढरे दात राखायचे म्हणून मी आणखी तीन गोष्टी केल्या. तिन्ही डोकं चालवून केल्या, हेच दुःख आहे.

आंब्याच्या थंड्याचा डाग कपड्यावर पडतो, मग दातावर पडणारच. म्हणून रंगाचा थंडा बंद केला. त्याच्या जागी लिंबाचा, पाण्यासारखा स्वच्छ, आरपार दिसणारा. शाळेच्या बाटलीत तोच भरून द्यायची. पोरगी हुशार, सांगितलेलं ऐकणारी. एका दमात संपवायची नाही, दिवसभर घोटघोट पुरवायची. उरला तर घरी आणून दाखवायची. मी शाबासकी द्यायची.

दुसरं असं की, टूथपेस्टच्या नळीवर एकदा बारीक अक्षरांत मला तो शब्द दिसला. फ्लोराइड. माझ्या अंगावर काटा आला. बाजारातून भूत विकत घेऊन मी रोज पोरीच्या तोंडात घालत होते! त्याच दिवशी नळी कचऱ्यात गेली. काळं खरखरीत मंजन आणलं.

आणि तिसरं म्हणजे घासण्याची शिस्त. थंडा प्यायला की लगेच दात घासायचे. शाळेतून आली, बाटलीतलं उरलेलं संपवलं, की मी तिला मोरीवर उभी करायची आणि बोटानं मंजन घासून घ्यायची. कर्रकर्र आवाज यायचा. मला तो आवाज आवडायचा. भांडं स्वच्छ होतानाचा आवाज वाटायचा.

ती अकरा वर्षांची झाली. त्या हिवाळ्यात आम्ही गावाला गेलो होतो. बाबांनी बांधावरचा ऊस तोडून आणला. बाबा आता सत्तरीच्या घरात आहेत. गुडघे धरून बसतात, कंबर सरळ होत नाही. ते वय आहे की पंप, कोणाला ठाऊक. पण ऊस ते आजही दातांनीच सोलतात. त्या तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांच्या दातांत ऊस धरायचा, मान तिरपी करायची आणि साल टर्रकन ओढायची. साल काढून त्यांनी आतला मऊ कांडका नातीच्या हातात दिला.

तिनं समोरच्या दातांनी चावा घेतला आणि किंचाळली. सगळा चोथा हातावर थुंकला. बाबांनी चोथा चिवडून पाहिला. त्यात एक एवढासा तुकडा होता, पातळ, कडेला धारदार.

"काच आहे का वं हे?" बाबा मला म्हणाले. "उसात काच कुठून आली?"

काच नव्हती. पोरीचा वरचा दात कोपऱ्यातून तुटला होता. मी तिला उजेडात नेलं, तोंड उघडायला लावलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. पांढरे दात आहेत एवढंच मी चार वर्षं बघत होते. कडेला ते इतके पातळ झाले होते की आतून जिभेचा गुलाबी रंग दिसत होता. दाढांच्या माथ्यावर खळगे होते आणि दोन दाढांत काळी भोकं. तिनं मला सांगितलं की थंड पाणी लागलं की ठणका लागतो, गरम भातही लागतो. कधीपासून? "लय दिवस झाले."

"मग सांगतलं काऊन नाई?"

"तू म्हनत होती ना, माये दात साऱ्यात चांगले आहेत."

 बाबांनी दुसरा कांडका घेतला, तो दगडावर ठेचला, रस वाटीत पिळला आणि वाटी नातीपुढे केली. तिनं मान हलवली. गोडही ठणकत होतं. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण शाळेत पाठ करतो. त्या दिवशी ती आमच्या अंगणात बसली होती.

कॉलनीत परतलो आणि तिच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. पोरगी बोलण्यात पटाईत आहे. शाळेनं तिला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलं होतं. तिचं भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं आणि घरात भांडी घासता घासता मला ते चारदा ऐकवून झालं होतं. बाई म्हणाल्या, "पोरगी सोन्यासारखी बोलते, पण तोंडावर हात ठेवून बोलते. माईकसमोर काय समजणार? हात काढ म्हटलं तं गप्पच बसते. आता म्हणते, मी येतच नाई स्पर्धेले."

मी म्हटलं, "दात तुटला ना तिचा, म्हणून असेल."

"दात आता तुटला बाई," त्या म्हणाल्या. "हात मी दोन वर्षांपासून पाहून राह्यली."

मला ते तेव्हा कळलं नाही. मी दाताच्याच मागे होते.

चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोरीच्या तोंडात बराच वेळ पाहिलं आणि मग मला विचारलं, ही काय पिते? मी अभिमानानं सांगितलं, रंगाचं काही देत नाही. फक्त लिंबाचा. आणि लगेच दात घासून घेते. पेस्ट नाही, मंजन. फ्लोराइड मी घरात येऊ दिलेलं नाही.

त्यांनी आरसा खाली ठेवला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडावरच्या हाताकडे.

"तुमच्या घरी फरशी कसली आहे?" त्यांनी विचारलं.

"शहाबादी."

"तिच्यावर लिंबू पिळलं गेलं तर काय होतं?"

हे कोणत्याही बाईला विचारा. लिंबाचा थेंब पडला की शहाबादी फरशी फसफसते आणि पांढरा डाग पडतो. चमक जाते ती जातेच, कितीही पुसा.

"आणि फसफसत असतानाच तुम्ही त्यावर खरखरीत घासणी फिरवली तर?"

 त्या सावकाश सांगत गेल्या. दाताचं वरचं कवच आंबट लागलं की थोडा वेळ मऊ पडतं. मग तोंडातली लाळ त्याला हळूहळू पुन्हा घट्ट करते. तिला अर्धा-पाऊण तास तरी द्यावा लागतो. एकदा प्यायलं, विषय संपला, तर लाळ सावरून घेते. पण घोटघोट दिवसभर प्यायलं तर प्रत्येक घोटाला पुन्हा पहिल्यापासून. लाळेला उसंतच नाही. रंगाचा आणि दाताच्या झिजेचा संबंध नाही. स्वच्छ दिसणाऱ्या थंड्यातही तेवढीच साखर आणि तेवढंच आंबट. साखर दातावरचे जंतू खातात आणि तेही आंबटच तयार करतात, त्यानं भोकं पडतात. आणि मऊ पडलेल्या दातावर लगेच मंजन घासलं की ते कवच मंजनाबरोबर मोरीत जातं. गेलेलं कवच परत उगवत नाही.

कर्रकर्र. मला तो आवाज आठवला. भांडं स्वच्छ होतानाचा नव्हता तो.

"पण फ्लोराइड?" मी विचारलं.  "माये दात पाहा ना." आणि मग मीच हात काढला नाही.

"फ्लोराइड मिठासारखं आहे," त्या म्हणाल्या. "भाजीत मीठ जास्त झालं तर भाजी फेकावी लागते, म्हणून घरातून मीठच हद्दपार करतो का आपण? तुमच्या पंपात ते फार होतं. दातांवर डाग पडले, हाडांनाही त्रास होऊ शकतो, म्हणून पंप लाल केला ते बरोबरच केलं. पण पेस्टमध्ये असतं तेवढं दाताची राखण करतं. तुम्ही राखणदारालाच हाकलून दिलं बाई. आणि नळाचं पाणी तिला कधी दिलंच नाही का?"

पोरगी खुर्चीत तोंड उघडं टाकून सगळं ऐकत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं हसत सांगायची सोय मला नव्हती, कारण मारुती माझ्या पोरीच्या तोंडात झाला होता. कोणावर चिडू? थंड्याच्या कंपनीवर चिडले असते, आणि चिडतेही. लहान पोराच्या हाती ती बाटली किती सहज पडते याचा मला संताप येतो. पण बाटली मी भरली. पंपावर चिडू? त्यानं आम्हाला वर्षानुवर्षं पाणी पाजलं. लाल रंग देणाऱ्या त्या माणसानं अर्धीच गोष्ट सांगितली, आणि उरलेली अर्धी मी कधी कोणाला विचारली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मला तिथंच रडू आलं आणि मी रडले. रडतानाही हात तोंडावरच होता.

त्यानंतर काही आठवडे आम्ही चंद्रपूरच्या फेऱ्या केल्या. दोन दाढांत खोलवर काम करावं लागलं, बाकीच्या भरल्या. पोरगी शूर, खुर्चीचे हात धरून बसायची. घरी थंडा बंद झाला. कधी लग्नात-कार्यात प्यायचाच झाला तर जेवणाबरोबर, एकदाच, आणि वर साध्या पाण्यानं चूळ. घासायचं नंतर, तासाभरानं, मऊ ब्रशनं. टूथपेस्टची नळी परत आली. तिच्यावरचा तो शब्द मी अजूनही एकदा वाचते आणि मगच झाकण उघडते.

पाण्याचं मात्र अवघड गेलं. जन्मापासून गोड प्यायलेल्या पोरीला पाणी पाणचट लागायचं. शिवाय नळाचं पाणी वाईट हे तिला मीच शिकवलं होतं. मी पेला भरून पुढे केला की ती माझ्याकडे संशयानं बघायची. शेवटी एक दिवस मी तिच्यासमोर ओट्यापाशी उभी राहिले, नळाखाली पेला धरला आणि सगळा प्यायले. इतकी वर्षं मीही कॅनचंच पीत होते. नवरा दारात उभा होता. "गोड आहे का वं?" त्यानं विचारलं. मी त्याला म्हटलं, तुमी खर्रा सोडा आधी, मग विचारा.  पोरगी पाणी प्यायला लागली, तो खर्रा अजून खातो.

दात नीट झाले तर स्पर्धेला उभी राहीन, असं पोरीनं शाळेतल्या बाईंना कबूल केलं होतं. स्पर्धेला दोन दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोरच्या दातांचं काम पूर्ण केलं. तुटलेला कोपरा भरला, झिजलेल्या कडांवर दाताच्याच रंगाचा लेप चढवला. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे कायमचं नाही. पुन्हा निघेल, पुन्हा करावं लागेल, मोठी झाली की दातांवर टोप्या बसवाव्या लागतील. अकराव्या वर्षापासून हे तिच्या मागे लागलं ते लागलं. मग त्यांनी पोरीच्या हातात गोल आरसा दिला आणि म्हणाल्या, "झालं. आता हसून दाखव."

तिनं आरशात ओठ मिटूनच पाहिलं. डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या. पोरगी हसली, खरंच हसली, डोळे हसले, आणि तिचा डावा हात उठून तोंडावर आला. चार बोटं जुळलेली, अंगठा गालाला टेकलेला.

मी समोरच्या स्टुलावर बसले होते. माझाही डावा हात तसाच होता. चार बोटं, अंगठा गालाला. शाळेतल्या बाई काय सांगत होत्या ते मला तेव्हा कळलं. दात पांढरे होते तेव्हाही ती तोंड झाकतच होती. पाणी मी बदललं, मंजन बदललं, रंग बदलला, आणि हात मात्र रोज तिच्यासमोर होता. बोलायला शिकली तेव्हाच ती हेही शिकली असणार. हसायचं म्हणजे असं हसायचं.

"हात काढ बेटा," मी म्हटलं. "परवा माईकसमोर उभं राह्यचं आहे."

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू काढ आधी."

डॉक्टरीणबाई उगाच ट्रेमधली हत्यारं नीट लावू लागल्या. मला राग आला, खरं सांगते. पोरीचा नाही, माझ्या हाताचा. तो हालतच नव्हता. मी दुसऱ्या हातानं त्याला धरलं आणि खाली मांडीवर आणलं. हसू काही येईना, म्हणून नुसते ओठ उघडले. पंख्याचा वारा दातांना लागला, एवढं मला आठवतं.

पोरगी खुर्चीतून उतरली. अगदी जवळ आली. एका हातात आरसा होता, दुसऱ्या हातानं तिनं माझी हनुवटी धरली आणि एकेक दात बघत गेली, वरचे, मग खालचे, शेवटच्या दाढेपर्यंत. अकरा वर्षं माझ्या मांडीवर, माझ्या कुशीत वाढलेली पोर, पण तिनं ते कधी पाहिलेच नव्हते.

"आई," ती म्हणाली, "तुये दात तं आख्खे आहेत."